गीझरचा कॅपिलरी थर्मोस्टॅट : काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणारा स्विच) चांगला निघाला, त्याच्या नॉबवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. २५ लिटरच्या, २ किलोवॅटच्या स्टोरेज गीझरला तो बसवून आता थंडी आणि उन्हाळा दोन्ही सरले आहेत. त्यामुळे ‘बसवला, चालू झाला, पाच स्टार’ याच्या पुढचं काहीतरी लिहिता येईल.

जुना काढायचं कारण म्हणजे पाणी कधी वाफाळतं तर कधी कोमट यायचं आणि मधूनच कटआउट उडायचा. कटआउट म्हणजे थर्मोस्टॅटशेजारचा छोट्या बटणाचा भाग. थर्मोस्टॅट वेळेवर सुटला नाही, म्हणजे त्याने वीज तोडली नाही, तर पाणी उकळायच्या आत वीज तोडणं एवढंच त्याचं काम. तो उडाला की बरेच जण कव्हर काढून बटण दाबतात आणि विषय संपवतात. पण कटआउट पुन्हा पुन्हा उडत असेल, तर थर्मोस्टॅट तरी गेलाय किंवा एखादं टर्मिनल (वायर जोडायची जागा) सैल होऊन तापतंय. बटण दाबून यातलं काहीच बरं होत नाही.

आतली रचना साधी आहे. टाकीत एक बंद तोंडाची नळी असते, तिला पॉकेट म्हणतात. त्यात थर्मोस्टॅटचा तांब्याचा बल्ब सरकवलेला असतो. बल्बातला द्रव तापून प्रसरण पावतो, बारीक कॅपिलरी नळीतून डायफ्रामवर, म्हणजे लवचिक पडद्यावर, दाब येतो आणि डायफ्राम स्विचला ढकलतो. नॉब फिरवला की हे ढकलणं किती तापमानाला पुरेसं पडेल ते बदलतं, बस. दुसरा प्रकार दांडीवाला. त्यात पितळी नळीच्या आत इन्व्हारची कांडी असते. पितळ मीटरमागे दर अंशाला सुमारे १९ मायक्रोमीटर वाढतं, इन्व्हार जेमतेम एक-दीड. (निकेल-पोलादाच्या या मिश्रधातूंवरच्या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.) हिशोब केला तर २० सेंटिमीटरची दांडी ४० अंशांनी तापल्यावर दोघांच्या लांबीत फरक पडतो तो साधारण ०.१४ मिलिमीटरचा. एवढ्याशा हालचालीवर सगळा लोड तुटतो! म्हणून स्विच हळूहळू उघडून चालत नाही, ‘टक्’ करून एकदम सुटावा लागतो. नाहीतर ठिणगी पडत राहते आणि काँटॅक्ट, म्हणजे स्विचमधले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, जळतात.

आता तपासणीबद्दल, कारण खरा घोळ इथेच होतो. मल्टिमीटर बीपवर लावायचा, बीप वाजली की थर्मोस्टॅट ‘ओके’, अशी सर्रास पद्धत आहे. पण बरेच मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही बीप देतात. २ किलोवॅटच्या कॉइलमधून २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर जातात. म्हणजे काँटॅक्टमध्ये अर्धा ओहम जरी अडकला, तरी तिथल्या तिथे ३८ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री प्लास्टिकच्या डबीत कोंडून ठेवावी, तसा हा प्रकार. माझ्या जुन्या थर्मोस्टॅटने बीप अगदी खणखणीत दिली होती. मीटर ओहमवर घेतल्यावर लीडचे (मीटरच्या स्वतःच्या वायरींचे) ०.२ वजा जाऊन ०.६ ओहम उरले. टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून ठिसूळ झालं होतं, लगची (वायरीच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीची) चमक गेली होती. नव्यात लीडच्या वर जवळजवळ काहीच दिसत नाही. मीटरचा प्रवाह अगदी क्षीण असतो, त्यामुळे आकडा चांगला आला तरी काळपट काँटॅक्ट सोडून देऊ नका. आकडा वाईट आला, तर मात्र प्रश्नच नाही.

दुसरी चाचणी पातेल्यातली. थर्मोस्टॅट सोडवून घ्यायचा, फक्त बल्ब पाण्यात बुडवायचा, स्विचचा भाग कोरडा ठेवायचा. बल्बाला लागूनच थर्मामीटर, दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत. आच मंद ठेवून पाणी ढवळत राहायचं आणि दोन आकडे टिपायचे : कुठे सुटला आणि पाणी निवताना परत कुठे जोडला गेला. नवा थर्मोस्टॅट नॉब ६० वर असताना ६६ ला सुटतो आणि ५८ ला जोडतो. ६ अंशांची चूक ऐकायला वाईट वाटते, पण ती दर वेळी तेवढीच येते, म्हणून तो पास. जुना एकदा ७१ ला सुटला, पुढच्या खेपेला ८० च्या जवळ. त्याला नॉब कितीही फिरवला तरी काय उपयोग? नव्याच्या नॉबवर मी पेनाने माझी खूण केली आणि छापील आकडे विसरून गेलो.

काहीही न उघडताही एक अंदाज घेता येतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० ला न्यायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटला अर्धा तास. दहा मिनिटांत दिवा विझला आणि पाणी कोमटच असेल, तर थर्मोस्टॅटकडे बघा. तास उलटूनही विझत नसेल आणि पाणीही तापत नसेल, तर कॉइलकडे.

तक्रारी दोन. बल्ब पॉकेटमध्ये धरून ठेवणारी क्लिप ढिली आहे. बल्ब थोडा जरी बाहेर सरकला, तरी तो हवेचं तापमान वाचतो आणि पाणी गरजेपेक्षा जास्त तापतं. मी क्लिप वाकवून घट्ट केली, अजून सरकलेला नाही. दुसरं, कॅपिलरी कुठे काटकोनात वाकवायची नाही हे माहितीपत्रकात लिहायला हवं होतं. ती चिरून द्रव गळाला, तर साध्या बनावटीच्या थर्मोस्टॅटला पाणी कायम थंडच वाटतं आणि तो सुटतच नाही. मग सगळी मदार कटआउटवर.

सेटिंग ६० च्या आसपास ठेवलं आहे. फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतात, म्हणून साठवलेलं पाणी कोमट ठेवणं बरं नाही. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा गार मिसळल्याशिवाय अंगावर घेऊ नका.

उघडण्याआधी एमसीबी पाडा आणि दोन्ही वायरी मृत असल्याची खात्री करून घ्या. हे नवखं वाटत असेल तर सरळ इलेक्ट्रिशियन बोलवा, फक्त त्याला बीपवर सोडू नका. ओहमचा आकडा दाखवायला सांगा.