नर्सिंग कॉलेजच्या लॅबसाठी बाह्मनी: सॉफ्टवेअर पक्कं आहे, पाठ मात्र तुम्हाला रचावा लागेल

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात 'हेल्थ/नर्सिंग इन्फर्मेटिक्स अँड टेक्नॉलॉजी' हा विषय आहे. त्याला ४० तास थिअरी आणि ४० तास प्रात्यक्षिक दिलेत. प्रात्यक्षिकाचे हे तास वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये सहज संपून जातात. मग मुली वॉर्डात जातात तेव्हा पडद्यावर रुग्णाची नोंद कशी करायची, चुकलेली नोंद कशी दुरुस्त करायची, हे त्यांना तिथेच, खऱ्या रुग्णासमोर शिकावं लागतं. हे टाळायचं असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये खरं रेकॉर्ड सॉफ्टवेअर हवं, आणि आज त्यासाठी आम्ही पहिली शिफारस बाह्मनी या रुग्णालयांसाठीच्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरची करू. शिफारस अटींसह आहे. त्या अटी काय, ते पुढे सविस्तर.

बाह्मनीचा गाभा म्हणजे ओपनएमआरएस. अमेरिकेतली रेगनस्ट्रिफ संस्था आणि पार्टनर्स इन हेल्थ यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त-स्रोत रेकॉर्ड सॉफ्टवेअर. थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासोबत काम करताना त्यावर भारतीय रुग्णालयाला साजेसे पडदे चढवले. लॅबसाठी ओपनईएलआयएस, बिलिंग आणि स्टॉकसाठी ओडू, एक्स-रेच्या प्रतिमा साठवायला पॅक्स अशी जोड दिली. त्यामुळे गाव-तालुका-जिल्हा असा पत्ता, नक्की जन्मतारीख माहीत नसलेल्या रुग्णाचं अंदाजे वय, स्थानिक भाषेतलं नाव या आपल्याकडच्या रोजच्या गोष्टी त्यात मुळातूनच धरलेल्या आहेत. अमेरिकेत शिक्षणासाठी खास बनवलेली डॉक्युकेअर, सिमचार्ट अशी उत्पादनं आहेत. त्यात शिक्षकासाठी सोयी बाह्मनीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण ती दर विद्यार्थ्यामागे वर्गणीवर चालतात आणि तिथल्या अभ्यासक्रमासाठी घडवलेली आहेत. बाह्मनीला परवान्याचा खर्च शून्य. खर्च होतो तो सर्व्हरवर आणि ट्यूटरच्या तयारीच्या तासांवर.

बसवताना आवृत्ती विचारपूर्वक निवडा. 'लाइट' ही क्लिनिकसाठी आहे. हलकी आहे म्हणून तिचा मोह होतो. नर्सिंगच्या वर्गाला मात्र वॉर्ड, खाटा, दाखल-बदली-डिस्चार्ज लागतं, म्हणून 'स्टँडर्ड'च घ्या. सगळं एकदम चालू करायची गरज नाही. बाह्मनीचे भाग डॉकर या साधनाने वेगवेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालतात. डॉकर कंपोजच्या प्रोफाइलमधून फक्त ईएमआर (रुग्णाची इलेक्ट्रॉनिक नोंद) आणि रिपोर्ट्स हे भाग सुरू करा; ओडू आणि पॅक्स बंद ठेवले तर ८ जीबी रॅमच्या संगणकावर छोटी बॅच निभावते. लॅबचा भागही चालवायचा असेल तर १६ जीबी धरा. विद्यार्थ्यांच्या संगणकावर काहीच बसवायचं नाही, ब्राउझर पुरे. सर्व्हर लॅबच्या आतल्या नेटवर्कवर असला तर इंटरनेट गेलं तरी तास थांबत नाही. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेचं नसून आपण स्वतःच बनवलेलं असल्याने ब्राउझर आधी धोक्याची सूचना दाखवेल. पहिल्याच तासाला ते का होतं हे मुलींना समजावून सांगा, नाहीतर अशी सूचना दिसली की डोळे मिटून पुढे जायचं, हीच सवय त्या घेऊन जातील.

सुरुवातीला हमखास अडणाऱ्या तीन जागा. पहिली: नवीन युजर बनवला, पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन होत नाही आणि 'प्रोव्हायडर म्हणून नोंद नाही' असं येतं. ओपनएमआरएसच्या ॲडमिन भागात त्या व्यक्तीला प्रोव्हायडरही (रुग्णसेवा देणारी व्यक्ती) करावं लागतं. युजर वेगळा, प्रोव्हायडर वेगळा. दुसरी: वेळ साडेपाच तास मागे दिसते, कारण कंटेनर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतोय. टाइमझोन आशिया/कोलकाता आहे ना, हे एकही नोंद करण्याआधी तपासा. तिसरी: गावांची किंवा औषधांची यादी सीएसव्हीतून चढवताना देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात जतन केली की हे थांबतं. आणि सोबत येणारा 'सुपरमॅन' युजर व त्याचा सर्वांना माहीत असलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. एकच लॉगिन सगळ्या वर्गाला वाटून देणं हा सर्वात मोठा अपराध आहे. नोंद कोणी केली हे रेकॉर्डमध्ये कायम राहतं, हाच तर या विषयातला पहिला धडा.

आता मुख्य अडचण. बसवण्याच्या पुस्तिकांचा भर रुग्णालयांवर असतो, त्यामुळे वर्गात शिकवताना ही अडचण अचानक समोर येते. बाह्मनीत प्रत्येक नोंद 'एन्काउंटर'मध्ये, म्हणजे रुग्ण आणि नर्स यांच्या एका भेटीच्या कप्प्यात जाते. त्याच रुग्णाची, त्याच ठिकाणी, त्याच नर्सने ६० मिनिटांच्या आत केलेली पुढची नोंद सॉफ्टवेअर नव्या एन्काउंटरमध्ये टाकत नाही, चालू एन्काउंटरच उघडतं. रुग्णालयात हे सोयीचं आहे. ओपीडीतल्या एका भेटीचे पाच तुकडे होत नाहीत. वर्गात मात्र सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ ची टीपीआर-बीपी (तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब) आपण वीस मिनिटांत भरून घेतो. मुलगी ८ ची नोंद जतन करते, १२ ची भरायला फॉर्म उघडते, तर ८ चे आकडे आधीच भरलेले. ती ते खोडून नवे लिहिते. तासाच्या शेवटी चार्टवर तीनऐवजी एकच नोंद उरते, आणि सॉफ्टवेअर नोंदी गिळतं असा समज होतो.

उपाय दोन. ॲडमिनच्या ग्लोबल प्रॉपर्टीत (संपूर्ण सॉफ्टवेअरला लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) एन्काउंटर सेशनचा कालावधी ६० वरून दोन-तीन मिनिटांवर आणता येतो. त्याहून चांगला उपाय वर्गाच्या रचनेत आहे: एका रुग्णाला तीन मुली द्या. एकीची मॉर्निंग, दुसरीची ईव्हनिंग, तिसरीची नाइट. प्रोव्हायडर बदलला की एन्काउंटर आपोआप नवा होतो, आणि हँडओव्हरचाही सराव होतो. ईव्हनिंगवालीला मॉर्निंगवालीशी बोलायची परवानगी देऊ नका. तिने पडद्यावर जे आहे तेवढ्यावरूनच ड्यूटी घ्यायची. 'पेशंट स्टेबल' एवढंच लिहून निघून गेलेल्या नोंदीची किंमत तेव्हा कळते. हा एक प्रयोग सगळ्या थिअरीपेक्षा जास्त शिकवतो, असं आमचं ठाम मत आहे.

मागच्या तारखेची नोंद करण्याची सोयही आहे, तिला वेगळी परवानगी लागते. ती परवानगी विद्यार्थ्यांना देऊ नये. उशिरा केलेली नोंद उशिरा केलेलीच दिसली पाहिजे.

दुरुस्तीचा धडा इथे फार छान घेता येतो. कागदावर आपण सांगतो: व्हाइटनर नको, एक रेघ मारा, सही करा. बाह्मनीत चुकून लिहिलेल्या १३० चं १०३ केलं की पडद्यावर फक्त नवा आकडा दिसतो. जुना डेटाबेसमध्ये रद्द म्हणून खूण होऊन, कोणी आणि कधी बदलला यासह राहतो. ट्यूटरने पुढच्या तासाला ती जुनी नोंद प्रोजेक्टरवर दाखवावी. काहीही पुसलं जात नाही, हे ऐकण्यात आणि बघण्यात फरक आहे.

औषधं आणि निदान यांच्या नोंदीतही एक मोठा धडा आहे. यादीत नाव सापडलं नाही तर टाइप केलेलं नाव तसंच 'ॲक्सेप्ट' करता येतं. घाईत मुली हेच करतात. नाव पडद्यावर नीट दिसतं, पण त्याला संकेतांक नसतो, म्हणून अहवालात ते धरलं जात नाही. एकाच वर्गात 'टाइप २ डायबेटिस', 'डीएम' आणि 'शुगर' अशा तीन नोंदी करू द्या आणि मग मधुमेहाच्या रुग्णांची संख्या काढणारा अहवाल चालवा. संख्या चुकली की स्नोमेड-सीटी, लॉइंक, आयसीडी हे वैद्यकीय संज्ञांना संकेतांक देणाऱ्या कोशांचे, थिअरीतले रुक्ष शब्द एकदम अर्थाचे होतात. भारताच्या २०१६च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांत हेच कोश सांगितलेत, आणि स्नोमेड-सीटी भारतात विनामूल्य मिळण्याची व्यवस्था पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएस केंद्रातर्फे आहे. बाह्मनीला स्नोमेडचा स्वतंत्र सर्व्हर जोडता येतो, पण त्याला मेमरी भरपूर लागते. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

अंकांच्या मर्यादांवर एक नजर टाकून ठेवा. प्रत्येक मोजमापाला सामान्य पट्टा आणि अंतिम मर्यादा वेगवेगळ्या ठरवता येतात. अंतिम मर्यादेबाहेरचा आकडा सॉफ्टवेअर घेतच नाही. सामान्य पट्ट्याबाहेरचा घेतं आणि वेगळा दाखवतं. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे की सेल्सिअसमध्ये, हे आधी ठरवून मर्यादा त्याप्रमाणे बदला. एकक एक आणि मर्यादा दुसऱ्याच्या असतील तर ९८.६ ची नोंद होणारच नाही आणि अख्खा तास त्यात जाईल.

तयार फॉर्म डॉक्टरांच्या तपासणीला धरून आहेत. ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी), ब्रेडन (दाबामुळे होणाऱ्या जखमांचा धोका), इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर आलेलं द्रव), नर्सिंग केअर प्लॅन हे फॉर्म बहुधा तुम्हालाच बांधावे लागतील. बाह्मनीच्या फॉर्म बनवण्याच्या इम्प्लिमेंटर इंटरफेस या भागात ओढून-सोडून फॉर्म बनतो, पण क्रम पाळा: आधी प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर 'कन्सेप्ट' म्हणून तयार करा, मग फॉर्म, मग 'पब्लिश'. पब्लिश केल्याशिवाय फॉर्म मुलींना दिसत नाही. दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म आयात केला आणि तुमच्याकडे ते कन्सेप्ट नसले तर आयात होत नाही, म्हणून फॉर्मसोबत कन्सेप्टही मागून घ्या. एका फॉर्ममधल्या गुणांची बेरीज फॉर्म स्वतः करू शकतो. तीन ड्यूट्यांचा मिळून २४ तासांचा इनटेक-आउटपुट मात्र तयार मिळत नाही. त्यासाठी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत अहवाल लिहून घ्यावा लागतो. आमच्या मते तो मुद्दाम लिहू नये. बेरीज मुलींनी हातानेच करावी, कारण दीड लिटर आत आणि ४०० मिली बाहेर हे बघून थबकायचं मशीनने नाही, त्यांनी. केअर प्लॅनसाठी नांदा (NANDA) या संस्थेची नर्सिंग निदानांची संपूर्ण यादी सॉफ्टवेअरमध्ये भरायला परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्या.

बाह्मनी कमी पडतं ते शिक्षकाच्या बाजूने. गुण देण्याची, शेरा लिहून परत पाठवण्याची सोय नाही. केस एका बटणावर पूर्ववत होत नाही. एकाच रुग्णाच्या तीस प्रती हव्या असतील तर तीस रुग्ण तयार करावे लागतात. नावात हजेरी क्रमांक घाला, म्हणजे शोधताना गोंधळ होत नाही. तपासणीसाठी कागदावर साधी यादी ठेवा: ॲलर्जी नोंदली का, औषधाचा मार्ग आणि वारंवारता भरली का, वेदनेचं पुनर्मूल्यांकन औषधानंतर झालं का, असामान्य आकड्यानंतर कोणाला कळवलं ते लिहिलं का. ऑडिट लॉगवरून कोणी कधी कुठलं पान उघडलं ते कळतं, त्याचाही उपयोग होतो.

नव्या बॅचसाठी पाटी कोरी करताना सांभाळा. सगळ्या केसेस भरून झाल्या की डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि दर बॅचला तोच परत चढवा. लॅबचा भाग चालू असेल तर ओपनएमआरएस आणि ओपनईएलआयएस दोन्हींचा बॅकअप एकाच क्षणाचा हवा, कारण हे भाग एकमेकांना नोंदी पाठवताना कुठवर पोचलो याची खूण ठेवतात. एकच परत चढवला की खुणा जुळत नाहीत आणि नवे रुग्ण लॅबमध्ये पोचत नाहीत. बॅकअप चढवल्यावर ॲडमिनमधून सर्च इंडेक्स नव्याने बांधायला विसरू नका, नाहीतर निदान आणि औषधांचा शोध रिकामा येतो आणि डेटा उडाला असं वाटतं. डॉकर कंपोज बंद करताना व्हॉल्यूम (डेटा साठवणारी जागा) काढून टाकणारा पर्याय वापरला तर मात्र डेटा खरंच उडतो.

रुग्ण काल्पनिकच हवेत. वॉर्डातली खरी केस नाव बदलून घेतली तरी गाव, वय, दाखल तारीख आणि दुर्मीळ निदान एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा तास घेणाऱ्या लॅबमध्येच असं होऊ नये. आभा (डिजिटल आरोग्य खात्याच्या) क्रमांकाशी जोडणी दाखवायची असेल तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या जागेत दाखवा. मुलींचे स्वतःचे आभा क्रमांक वापरू नका.

लिनक्स आणि डॉकर येणारी एक व्यक्ती आणि नर्सिंग फाउंडेशन शिकवणारी एक ट्यूटर, अशी जोडी सत्राआधी महिनाभर मिळत असेल तर बाह्मनी जरूर घ्या, आणि इन्फर्मेटिक्सच्या तासांपुरतं न ठेवता नर्सिंग फाउंडेशनच्या प्रात्यक्षिकांतही वापरा. टीपीआर मोजायची एका लॅबमध्ये आणि नोंदवायची दुसऱ्या विषयात, अशी फाळणी झाली की मुलींसाठी तो नुसता कॉम्प्युटरचा तास उरतो. अशी जोडी नसेल तर यंदा सर्व्हर घेऊ नका. ओपनएमआरएस ३ चं सार्वजनिक डेमो संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडून व्हायटल्स, ॲलर्जी आणि औषधांच्या नोंदीचे तीन-चार तास घ्या. तिथे भरलेलं कोणालाही दिसतं आणि टिकत नाही, त्यामुळे एका तासात पूर्ण होईल अशीच केस निवडा आणि शेवटच्या दहा मिनिटांत स्क्रीनशॉट काढून घ्या.