पंखा स्लो झालाय: कंडेन्सर बदलू, रिवाइंडिंग करू की नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घेऊ?

रेग्युलेटर पाचवर ठेवूनही वारा लागत नाही, किंवा पंखा नुसता हुं हुं करतो आणि काठीने ढकलल्यावरच फिरायला लागतो, तर बहुतेक वेळा मोटर ठीक असते, कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा) उतरलेला असतो. तो शंभरच्या आत मिळतो आणि तेवढ्यासाठी अख्खा पंखा भंगारात जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरी बदलणं अवघड नाही, पण आधी मेन एमसीबी पाडा, कारण कितीतरी घरांत बटणाची वायर न्यूट्रलवर असते, बटण बंद केलं तरी पंख्यात करंट राहतो. मग रॉडच्या खालची वाटी वर सरकवायची, कंडेन्सरच्या दोन वायरी प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून चार्ज काढायचा आणि वरचा आकडा वाचायचा. 48 इंची साध्या पंख्याला सहसा 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट असतो. जो आकडा असेल तोच आणा, जास्त वाऱ्यासाठी मोठा लावला तर वाइंडिंग (मोटरमध्ये गुंडाळलेली तार) तापतं.

जळका वास आला तर मात्र वाइंडिंग गेलं, ते घरचं काम नाही. रिवाइंडिंगवाल्याला तांब्याची तार टाकणार की ॲल्युमिनियमची हे आधीच विचारा. खरखर आवाज येत असेल तर फक्त बेअरिंग बदलून भागतं.

आता बीएलडीसी. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, हा 30च्या आसपास. हॉलमधला पंखा रोज 12 तास चालत असेल तर दिवसाला अर्धा युनिट वाचतं, म्हणजे आठ महिने वापर धरला तर 130 युनिट, 8 रुपये दराने हजारेक रुपये, म्हणजे तीनेक हजारांचा पंखा तीन वर्षांत वसूल. पण त्याचा सर्किट बोर्ड गेला की घरी काही करता येत नाही, कंपनीचाच बोर्ड मागवावा लागतो.

म्हणून माझं मत, पाहुण्यांच्या खोलीतल्या, दिवसातून तासभर चालणाऱ्या पंख्याला डोळे झाकून कंडेन्सर टाका. दिवसभर चालणारा पंखा जळला असेल तर रिवाइंडिंगवर पैसे घालू नका, बीएलडीसी घ्या, आणि बसवताना जुना रेग्युलेटर काढून डायरेक्ट कनेक्शन द्यायला सांगा.