शिराझ: इरम बाग की नारंजिस्तान?

इराणमधल्या शिराझला गेलं की पर्सेपोलिसच्या प्राचीन अवशेषांना एक दिवस जातोच आणि कवी हाफिजच्या कबरीवर एक संध्याकाळ. उरलेल्या वेळात धड एकच बाग बसते. इरम की नारंजिस्तान? मी दोन्ही पाहिल्या आहेत, तेव्हा माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

झाडांच्या बाबतीत इरमला तोड नाही. २०११ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या नऊ इराणी बागांपैकी ही एक. आभाळाला भिडलेली सुरूची झाडं, उतारावरून येणारं पाटाचं पाणी, गुलाबांचे ताटवे. नारंजिस्तान तिच्यापुढे अगदीच आटोपशीर. मधून पाणी, दुतर्फा खजूर आणि आंबट नारिंगं, की झाली बाग. एप्रिलमध्ये नारिंगं फुलतात तेव्हाचा वास मात्र विसरता येत नाही.

माझं बिनसलं ते इरमच्या हवेलीपाशी. बागेची आखणीच अशी की पावलं आपोआप तिच्याकडे वळतात. काजार राजघराण्याच्या काळातली देखणी इमारत, माथ्यावरच्या कमानींत चितारलेल्या फरश्या, समोर हौद. मी गेलो तेव्हा आत मात्र सोडत नव्हते. हौदाच्या काठावर फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहून बाहेरूनच बघायचं आणि परत फिरायचं. एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण इराणी बाग ही मुळात ओसरीवर सावलीत बसून, समोरच्या पाण्याकडे बघत अनुभवायची गोष्ट. नेमकी तीच जागा मिळत नसेल तर उरतं ते छान उद्यान. छान उद्यानं काय, आपल्याकडेही आहेत.

नारंजिस्तानात ती ओसरी मिळते. कवाम घराण्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही वास्तू. खाली दगडात पर्सेपोलिसच्या धाटणीचे भालाईत कोरलेत, वर सगळं आरसेकाम. बारीक बारीक तुकड्यांत आपला चेहरा कुठेच पुरता दिसत नाही, बाहेरची हिरवाई मात्र सगळीकडे चमकत असते. आतल्या खोल्यांची लाकडी छतं जरूर बघा. त्यांवर चक्क युरोपीय बायकांचे चेहरे रंगवलेत. शिराझच्या त्या काळच्या बड्या घरांची हौस म्हणायची!

शिवाय नासिर-उल-मुल्क मशिदीत रंगीत काचांचं ऊन बघायला सकाळी जाणारच असाल, तर तिथून नारंजिस्तान पायी गाठता येतं. इरम शहराच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे टॅक्सी आली.

बरोबर झाडांचं वेड असलेलं कुणी असेल, किंवा लहान मुलांना मोकळं सोडायचं असेल, तर अर्थात इरम. नाहीतर हाताशी उरलेला तासभर मी शेजारच्या, कवामांच्याच घरातल्या झीनत-उल-मुल्कच्या घराला देईन. आपल्या वाड्यात सदर आणि माजघर असायचं, तशी ही दोन घरं. नारंजिस्तान पाहुण्यांसाठी, हे घरच्या माणसांसाठी, आणि दोन्हींना जोडणारी वाट जमिनीखालून.