पांगुळगाडा: सात महिन्यांच्या वापरानंतर

लेक आठ महिन्यांची असताना चाकांचा गोल वॉकर भेट आला. पंधरा दिवस वापरला आणि माळ्यावर टाकला. त्यात बसवली की ती चवड्यांनी जमीन ढकलायची, टाच टेकायचीच नाही. मध्ये तो ट्रे, त्यामुळे स्वतःची पावलंही दिसायची नाहीत. एकदा डोळ्याचं पातं लवतंय तोवर माझ्या पायाशी येऊन थडकली; हातात उकळत्या वरणाचं पातेलं होतं. कॅनडात असल्या वॉकरवर २००४ पासून बंदी आहे, हे मला नंतर कळलं.

मग लाकडी, तीन चाकी पांगुळगाडा आणला, सावंतवाडीचा. तिला धरून उभं करायचं नाही, हात धरून चालवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. पहिले दोन महिने गाडा नुसता भिंतीशी. ती रांगत जायची, चाक फिरवून बघायची, परत यायची. दिवाणाला धरून कडेकडेने सरकायची. अकराव्या महिन्यात दांडी धरून आपली आपण उभी राहिली.

गाडा हलका आहे, हा मोठा दोष. मूल दांडीला लोंबकळून उठलं की अंगावर येतो. पुढच्या चाकाजवळ दोन किलो तांदळाची पिशवी सुतळीने घट्ट बांधली, मग थारा आला. फरशीवर सुसाट पळायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चाकांवर चढवल्या. दांडी पॉलिश पेपरने घासून घ्या, मुलं ती चावतातच. वापराच्या चौथ्या महिन्यात एक चाक ढिलं झालं, तेव्हा दर आठवड्याला तपासा.

तेरावा महिना जड गेला. सासूबाई म्हणायच्या, “अगं, हात धरून चालव की जरा, शेजारचा बघ कसा पळतोय!” जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली, त्यात भारतातलीही होती, आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरलेलं निघालं. आमचे डॉक्टरही म्हणाले, अठरा महिन्यांपर्यंत नाही चालली तर घेऊन या. तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

साडेचौदाव्या महिन्यात गाडा दिवाणाच्या पायाला अडला. तिने दांडी दोनदा हलवली, सोडली, दोन्ही हात वर धरले आणि डुगडुगत तीन पावलं टाकून सासूबाईंचा पदर पकडला. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या तिच्या पावलांवरून हात फिरवत बसल्या.

आता गाड्यावर बाहुली बसवून घरभर ढकलते. तांदळाची पिशवी परवा सोडली.