चटका बसल्यावर: नळ, बर्फ, कोरफड की पिवळी ट्यूब?

पुरी तळताना तेल उडतं, कुकरची वाफ मनगटावर येते, गाडीच्या सायलेन्सरला पोटरी टेकते. लगेच घरातला एक जण बर्फ आणायला धावतो, दुसरा टूथपेस्ट पिळतो, तिसरा औषधांच्या डब्यात बर्नॉल शोधू लागतो. यातलं कोणतं बरं, हे ठरवायचं तर आधी एक गोष्ट वेगळी काढावी लागते. भाजल्यानंतर कामं दोन असतात. पहिलं म्हणजे त्वचेतली उष्णता बाहेर काढणं, आणि दुसरं म्हणजे जखम भरेपर्यंत तिला जपणं. पहिल्या कामासाठी पाण्याच्या तोडीचं काहीच नाही. निवड करायची ती दुसऱ्या कामासाठी, आणि तीही पाणी झाल्यावर.

पहिली वीस मिनिटं

तवा दूर झाला तरी भाजणं थांबलेलं नसतं. त्वचा सुमारे ४४ अंश सेल्सियसच्या वर तापली की पेशींना इजा होऊ लागते, आणि ६० अंशांना त्यासाठी काही सेकंद पुरतात. तेल पुसून टाकलं तरी आत मुरलेली उष्णता खालच्या थरांकडे सरकत राहते. म्हणून भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरायचा. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत हात बाहेर काढतात, आग पुन्हा सुरू होते आणि 'पाण्याने काही झालं नाही' असं म्हणत ट्यूबकडे वळतात. घड्याळ लावा. सुरुवातीला राहून गेलं असेल तरी भाजल्यापासून ३ तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो.

पाणी साधारण १५ अंशांचं असेल तर उत्तम. पण आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी अंघोळीलाही गरम वाटतं. अशा वेळी नळाचा हट्ट धरू नका. माठातलं पाणी पातेल्यात किंवा घमेल्यात घ्या, त्यात हात बुडवा आणि पाणी कोमट वाटलं की बदला. जिथे टँकरने पाणी येतं तिथे नळ वीस मिनिटं वाहता ठेवा हे सांगणंही बरोबर नाही. तिथेही बुडवणं चालेल, किंवा ओल्या स्वच्छ फडक्याच्या घड्या सतत बदलत राहा.

मग बर्फ का नको? तो जास्त गार असतो हे खरं, पण दुखणं तेच आहे. बर्फ थेट लावला की रक्तवाहिन्या आकसतात, आधीच पोळलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि थंडीनेही पेशी मरू शकतात. पहिल्या क्षणाला बरं वाटतं, पण जखम खोल जाण्याची भीती असते. फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी ओतलं तर हरकत नाही, पण बर्फाचा खडा चोळू नका.

पाणी सुरू असतानाच अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. सूज आल्यावर ते निघणार नाहीत. गरम चहा सांडलेला कपडाही लगेच उतरवा, मात्र त्वचेला चिकटला असेल तर ओढू नका. लहान मुलांचा भाजलेला भागच पाण्याखाली धरा आणि बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळा, नाहीतर त्यांना चटकन हुडहुडी भरते.

स्वयंपाकघरातले बाकीचे उपाय

तूप, तेल आणि लोणी आतली उष्णता बाहेर पडू देत नाहीत. टूथपेस्टमधल्या पुदिन्याच्या अर्काने गार वाटतं, पण त्यातले दात घासायचे बारीक कण आणि फेस आणणारी द्रव्यं पोळलेल्या त्वचेला चुरचुरतात. हळद, कणीक, बटाट्याचा कीस, शाई यांपैकी काहीच निर्जंतुक नसतं, आणि शाई-हळदीच्या रंगाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसतच नाही. सगळं धुवून काढताना रुग्णाला पुन्हा वेदना सोसाव्या लागतात. आजी प्रेमाने लावत असली तरी तिला हात जोडून नको म्हणा.

त्यानंतर काय लावायचं?

नुसती लाली असेल, त्वचा फाटलेली नसेल, तर साधं पेट्रोलियम जेली माझी पहिली पसंती आहे. स्वस्त, बिनवासाचं, आणि ओलावा धरून ठेवणारं. पातळ थर लावायचा. डबीत बोटं घालून झालेलं जुनं व्हॅसलीन मात्र नको, ट्यूब घ्या.

कोरफडीने खरंच आराम पडतो, आणि किरकोळ भाजण्यावर तिचा उपयोग होतो असं दाखवणारे काही छोटे अभ्यासही आहेत. कुंडीतलं पान कापलं तर आधी त्यातून झिरपणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. त्याने खाज सुटते. फोड फुटला असेल तर पानाचा गर लावू नका. बाजारातलं जेल घेतलं तर त्यात सुगंध किंवा अल्कोहोल नाही ना, हे पाहून घ्या.

बर्नॉलमध्ये अमिनाक्रिन आणि सेट्रिमाइड ही जंतुनाशकं असतात. थंडावा देणं हे तिचं काम नाही, आणि पिवळ्या रंगाची अडचण इथेही आहेच. पाणी ओतून झाल्यावर लहानशा चटक्याला लावलीत म्हणून बिघडणार नाही, पण तिच्यावाचून अडतही नाही. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम मात्र विचारल्याशिवाय लावू नका. वरवरच्या जखमा त्याने उलट सावकाश भरतात, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना, शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते चालत नाही.

मधाने जखम भरते, ही गोष्ट अर्धी खरी आहे. फोड येणाऱ्या जखमा काही नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधाने लवकर भरल्याचं आढळलं आहे, पण त्या चाचण्यांतला मध जखमेसाठी शुद्ध केलेला असतो. घरातल्या बरणीतला मध म्हणजे तो नव्हे.

फोड आला तर तो फोडू नका. आतलं पाणी आणि वरची कातडी मिळून जंतूंना अडवणारं झाकण तयार झालेलं असतं. त्यावर पॅराफिन गॉझ, म्हणजे पॅराफिन लावलेलं जाळीदार कापड, ठेवून सैल पट्टी बांधा. ते केमिस्टकडे सहज मिळतं आणि काढताना चिकटत नाही. कापूस कधीच ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. आपोआप फुटलाच तर साध्या साबणाने आणि पाण्याने हलकेच धुवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरतं.

घरी थांबायचं की दवाखाना?

चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, जखम तिघा-चौघा बोटांच्या रुंदीहून मोठी असेल, किंवा विजेचा वा अ‍ॅसिडचा चटका असेल, तर आधी पाणी आणि मग थेट दवाखाना. विजेचा असेल तर मेन स्विच बंद करून मगच त्या माणसाला हात लावा. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना लहान जखमेसाठीही दाखवावं. कातडी पांढरी किंवा चामड्यासारखी झाली आणि तिथे दुखतच नसेल, तर 'दुखत नाही म्हणजे बरंय' असं समजू नका. वेदनेच्या नसाच जळलेल्या असतात. मोठं भाजलं तर १०८ लावा.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर डॉक्टरांना तेही विचारा. नुसती लाली साधारण आठवड्यात जाते, फोडांची वरवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. दोन आठवड्यांनंतरही ती ओलीच असेल, कडा लाल होऊन पसरत असतील, पू किंवा ताप आला असेल, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा. जितका उशीर होतो, तितका व्रण राहण्याचा धोका वाढतो.