ड्राफ्ट की बाटली: कोकण किनाऱ्यावर क्राफ्ट बिअर निवडताना

क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या उत्पादकांनी थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर, घ्यावी तर नळाची म्हणजे ड्राफ्टच, बाटलीतली दुय्यम, हा समज पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमधून आलेला आहे आणि तिथे तो बऱ्याच अंशी खराही आहे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून, जिथे बिअर तयार होते तिथेच बसून ती पिण्याची सवय महाराष्ट्रातल्या ग्राहकाला लागली आणि बाटलीची तुलना त्या चवीशी होऊ लागली. कोकणात मात्र हा समज जसाच्या तसा लागू पडत नाही. अलिबाग-मांडव्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेक ठिकाणी बिअर बाहेरूनच येते, मग ती केगमध्ये (धातूच्या पिंपात) असो वा बाटलीत. भर उन्हाळ्यात रस्त्याने येते, दमट हवेत साठवली जाते आणि हंगाम सरला की पडून राहते. म्हणून इथे निवड करताना ही बिअर किती दिवसांची आहे आणि तेवढे दिवस ती थंड राहिली का, हे आधी पाहावे लागते. चव आणि किंमत या दोन्हींचा निकाल बहुतेक वेळा त्यावरच लागतो.

किमतीपासून सुरुवात करू, कारण मेनूकार्डावरची रक्कम सरळ तुलनेला उपयोगी पडत नाही. क्राफ्टची बाटली बहुधा ३३० मिलिलिटरची असते, कॅन ३३० किंवा ५०० मिलिलिटरचा, आणि ड्राफ्टचा ग्लास ३३० चा आहे की ५०० चा हे प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्यावे लागते. उदाहरणादाखल, एखाद्या ठिकाणी ३३० ची बाटली २६४ रुपयांना आणि ५०० चा ग्लास ४०० रुपयांना असेल, तर कागदावर दोन्हींचा दर मिलिलिटरला ८० पैसे इतकाच येतो. पण बाटलीत भरलेले माप पक्के असते, तर ग्लासच्या मापात फेसही धरलेला असतो. ५०० च्या ग्लासात फेस बसल्यावर प्रत्यक्ष बिअर ४४० मिलिलिटर निघाली, तर तोच दर ९१ पैशांवर जातो. थोडा फेस हवाच, कारण वास त्यातूनच वर येतो. मात्र चार बोटे फेस असेल तर ग्लास भरून मागण्यात संकोच करू नये. मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा कर लागतो. तेव्हा छापलेला दर करासह आहे की कराशिवाय, हेही आधीच विचारावे. गोव्यातल्या दराशी तुलना करून मालवणात हळहळण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही राज्यांचे कर वेगळे आहेत आणि परवान्याशिवाय गोव्याची बाटली बांद्याच्या अलीकडे आणणे हा गुन्हा आहे.

खरी बचत होते ती बिअर शॉपीतून छापील किमतीला बाटली घेऊन मुक्कामी, यजमानांची हरकत नसेल तर, पिण्यात. बारमधल्या दराशी तिची तुलना केली की फरक लगेच डोळ्यांत भरतो. पैसा हाच निकष असेल तर निवड इथेच संपते.

चवीचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. ड्राफ्टच्या बाजूने बोलायचे तर मायक्रोब्रुअरीतून आलेली केगमधली बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली (तापवून जंतुमुक्त केलेली) नसते आणि पुष्कळदा गाळलेलीही नसते. त्यामुळे गव्हाच्या बिअरमधला धणे व संत्र्याच्या सालीचा वास किंवा आयपीए या कडवट प्रकारातला हॉप्सचा (बिअरला कडूपणा व वास देणाऱ्या फुलांचा) गंध तिच्यात अधिक ठसठशीत लागतो. केग धातूचा असल्याने उजेड आत शिरत नाही आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर ओढली जात असल्याने बिअरला हवाही लागत नाही. हे सगळे गुण खरे आहेत, पण केगपासून ग्लासापर्यंत जी नळी येते तिच्यावर ते अवलंबून असतात. ही नळी आणि तोटी दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवावी, असे अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची मार्गदर्शिका सांगते. तसे झाले नाही की आत यीस्ट आणि जिवाणूंचा थर बसतो; आधी लोण्यासारखा वास येतो, मग आंबटपणा चढतो आणि तोटीशी हवा लागून व्हिनेगरची झाक येते. आंबट प्रकारची बिअर मागवलेली नसताना ती आंबट लागली तर दोष बहुधा या नळीत असतो, बिअर बनवणाऱ्याकडे नव्हे. शिवाय रात्रभर नळीत थांबलेली बिअर दुपारच्या पहिल्या ग्लासात येते. म्हणून बार उघडल्या उघडल्या गेलात तर आधी घोटभर चाखायला मागावी आणि मगच पूर्ण ग्लास सांगावा. चांगल्या ठिकाणी याला कोणी नाही म्हणत नाही.

बाटलीचे शत्रू तीन: उष्णता, उजेड आणि प्राणवायू. उष्णतेबद्दल बिअर व्यवसायात एक ढोबळ नियम सांगितला जातो, की सुमारे ३२ अंश सेल्सियसला ३ दिवसांत बिअर जितकी शिळी होते, तितकी व्हायला २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस लागतात. मे महिन्यातल्या कोकणातल्या पत्र्याच्या गोदामात एखादे खोके आठवडाभर पडले तर काय होईल, हे या आकड्यांवरून समजते. अशी बिअर आजारी पाडत नाही, पण तिचा हॉप्सचा गंध विझतो आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. दुकानातून घरी नेताना तासभर कोमट झाली म्हणून मात्र ती बिघडत नाही. थंड-गरम-थंड होण्यापेक्षा एकूण किती काळ उष्णतेत गेला, याला महत्त्व आहे.

उजेडाचा परिणाम याहून झटपट होतो. हॉप्समधली कडू द्रव्ये उजेडात फुटून गंधकाचा उग्र दर्प तयार होतो, आणि कडक उन्हात त्याला काही मिनिटे पुरतात. तपकिरी काच बऱ्यापैकी आडोसा करते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक जवळजवळ काहीच नाही, आणि कॅन पूर्ण. म्हणूनच काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइटला लागून उभी असलेली हिरवी बाटली उचलण्यापेक्षा मागच्या रांगेतली तपकिरी बाटली मागावी. कॅन मिळत असेल तर मी तोच घेईन. इथे किनाऱ्यावरची एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. किहीमच्या किंवा तारकर्लीच्या वाळूत उन्हात टेबल मांडलेले असेल तर केगने महिनाभर जपलेली बिअर पारदर्शक ग्लासात आल्यावर तिथेच उजेडाने मार खाते, आणि तपकिरी बाटलीतली तिच्यापेक्षा जास्त वेळ टिकते. ड्राफ्ट घ्यायची तर सावलीतले टेबल धरावे.

आता हंगाम, कारण कोकणात सगळे गणित त्यावर फिरते. ३० लिटरच्या केगमधून फेसात साधारण दहावा हिस्सा वाया गेला असे धरले तर २७ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरचे ५४ ग्लास निघतात. नाताळात किंवा मेच्या सुट्टीत हा केग एका संध्याकाळीही संपू शकतो. जूनच्या मध्यावर, किनारा ओस पडल्यावर, दिवसाला सहाच ग्लास जात असतील तर एका नळाचा केग नऊ दिवसांत संपेल. पण तेच सहा ग्लास चार नळांत विभागले गेले तर प्रत्येक केग ३६ दिवस चालेल. तेवढ्या काळात गव्हाच्या बिअरचा ताजेपणा उरणे कठीण, आणि मध्ये वादळवाऱ्यात वीज गेली व जनरेटर नसला तर तेवढीही आशा नको. तेव्हा पावसाळ्यात फळ्यावर सहा-आठ नळांची यादी दिसली तर मोह आवरावा आणि ‘सर्वांत जास्त कोणती जाते?’ एवढेच विचारावे. उलट, एक-दोनच नळ चालवणारी जागा मला त्या दिवसांत जास्त भरवशाची वाटते.

बाटली किंवा कॅन घेताना भरल्याची तारीख मानेवर, लेबलच्या कडेला किंवा बुडाशी छापलेली असते; ती बोटाने पुसून वाचावी, कारण दमट फ्रिजमध्ये तिच्यावर बाष्प धरते. आयपीए तीन महिन्यांच्या आतली असावी. स्टाउट ही गडद बिअर आणि जास्त अल्कोहोलचे प्रकार अधिक दिवस सोसतात, त्यामुळे तारखेची खात्री नसलेल्या दुकानात तेच घेणे शहाणपणाचे. बाटली तोंडाला लावून पिऊ नये. ग्लासात ओतल्याखेरीज तिचा वास कळत नाही, आणि गव्हाची असेल तर शेवटचा भाग हलवून तळाचे यीस्टही ओतावे. सोबत तळलेला बोंबील किंवा सुरमई असेल तर ओठांच्या तेलाने फेस पटकन बसतो. त्यावरून बिअरला नावे ठेवू नयेत.

माझा कल सांगायचा तर, ऑक्टोबर ते मे या काळात अलिबाग परिसरात किंवा गोव्यात, गर्दीच्या आणि सावलीच्या जागी, गव्हाची बिअर आणि आयपीए मी ड्राफ्टच घेईन, मिलिलिटरला दहा-पंधरा पैसे जास्त गेले तरी. दापोली, गुहागर, रत्नागिरीपासून पुढे मालवणपर्यंत, आणि पावसाळ्यात कुठेही, ताज्या तारखेचा कॅन बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून मुक्कामी न्यावा. पिण्याआधी पाच-दहा मिनिटे तो बाहेर काढून ठेवावा, कारण बर्फाइतक्या गार बिअरची चव जिभेला लागतच नाही.