गोधडीसाठी वॉकिंग फूट: घ्यावा की नको?

गोधडी म्हटली की माझा जीव हाताच्या धावदोऱ्यातच. सतरंजीवर जुन्या साड्या अंथरायच्या, कडा आधी धरून घ्यायच्या आणि मग चौकोनात चौकोन करत मधे मधे सरकत यायचं, हात नि तोंड दोन्ही चालू. पण हल्ली अंगठा कुरकुर करतो आणि घरातलं उषा जनोमचं झिगझॅग मशीन नुसतंच उभं होतं, म्हणून म्हटलं मशीनवर करून तर बघू.

साध्या फूटनं, म्हणजे मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या पायानं, तीन थर शिवायला गेलं की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. खालचं कापड सुईखालचे दाते ओढून नेतात, वरचं मागं रेंगाळतं, ओळ संपेपर्यंत वर बोटभर कापड जास्तीचं उरतं आणि दोन ओळी जिथं एकमेकींना छेदतात तिथं चुण्याच चुण्या. त्यावर औषध म्हणजे हा वॉकिंग फूट. दिसायला बोजड ठोकळा आहे, पण याला स्वतःचे दाते असतात. बाजूची दांडी सुईच्या स्क्रूवर बसवायची, सुई वरखाली झाली की दांडी हलते आणि वरचे दाते खालच्यांच्या जोडीनं कापड पुढं नेतात. दांडी स्क्रूवर नीट बसली नसेल तर ६५० रुपये पाण्यात, कारण मग तो चालतच नाही, नुसता दाबून धरतो. (हो, मी ६५० ला घेतला, ऑनलाइन, कुठल्यातरी अनोळखी कंपनीचा.)

घेण्याआधी आपलं मशीन लो शँक आहे का, म्हणजे फूट बसवायचा दांडा बुटका आहे का, ते बघा. फूट खाली टेकवून तळापासून फूटच्या स्क्रूपर्यंत मोजायचं, अर्ध्यापाऊण इंचाच्या आसपास आलं तर लो शँक, इंचाच्या वर गेलं तर हाय शँक, त्याचा फूट वेगळा. जुन्या काळ्या मशीनवरही हा बसतो बऱ्याचदा, पण त्यांचे दाते अरुंद, वरचे-खालचे दाते समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे फरक कमीच जाणवतो.

मी पहिलं केलं ते भाचीच्या बाळाचं दुपटं. वरखाली सुती नऊवारीचे तुकडे, आत जुनी चादर, सगळं आधी धुऊन वाळवून घेतलेलं. सुई १४ नंबरची, टाका नेहमीच्या अडीचऐवजी साडेतीनवर, आणि वेग म्हणाल तर बैलगाडीचा. इथं माझी हाताची सवय उलटी करावी लागली. हातानं आपण कडेकडून आत येतो कारण दर टाक्याला तळहातानं कापड सारखं करत जातो, मशीनवर तसं केलं तर सगळी झोळ मधे येऊन अडकते. म्हणून मधली ओळ आधी, मग एकदा उजवीकडे एकदा डावीकडे असं बाहेर जायचं, म्हणजे जास्तीचं कापड कडेला निघून जातं. त्याआधी वितीवितीवर सेफ्टी पिना लावायच्याच, फूट कितीही चांगला असला तरी ते टळत नाही, आणि सुई पिनेजवळ आली की पीन काढायची.

दोन दोन इंचांवर सरळ ओळी मारल्या, मागची बाजू उलटून बघितली तर एक चुणी नाही!! खरं सांगते, मी ते दुपटं खिडकीशी नेऊन उजेडात परत परत बघितलं. समांतर ओळींसाठी डब्यात एक सळई येते, ती माझी इतकी ढिली निघाली की दर चार टाक्यांनी सरकायची. शेवटी कागदी टेप चिकटवून त्याच्या कडेनं शिवलं, ते जास्त बरं. आवाजही फार, खडखड खडखड, दुपारी लोक झोपलेले असताना नको.

आता याला काय जमत नाही ते. वेलबुट्टी, गोल गोल नक्षी विसरा. त्याला फ्री मोशनचा फूट लागतो, खालचे दाते पाडायचे आणि कापड आपण हातानं फिरवायचं, ते मी करून बघितलं आणि माझे टाके एक मुंगीएवढा तर एक झुरळाएवढा आले, सराव लागणार. वॉकिंग फूटवर उलटी शिलाईही करू नये. आणि डबल बेडची गोधडी? घरगुती मशीनच्या पोटात जागाच जेमतेम सहा इंच, तिथं गुंडाळी करून कोंबायची म्हणजे खांदे गेले. दुपटी, टेबल रनर, उशांचे अभ्रे, इथपर्यंत झकास.

अगदी विरलेल्या साड्यांना मात्र मी मशीन लावणार नाही. बारीक बारीक भोकं एका रेषेत पडतात आणि तिथूनच कापड फाटतं, शिवाय हाताच्या टाक्यांनी येतो तो सुरकुतलेला मऊपणा येत नाही, मशीनची गोधडी इस्त्री केल्यासारखी ताठ वाटते. कर्नाटकात उत्तर कन्नडकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या) बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, सध्या शिकतेय, त्यात तर आधी तुकडे जोडायचेच नाहीत, कडेपासून एकेक ठिगळ दुमडत थेट खालच्या साडीवर धावदोऱ्यानं धरत आत यायचं आणि चारी कोपऱ्यांना फुला, म्हणजे दुमडलेल्या कापडाचे छोटे तुकडे, लावायच्या. तिथं या फूटला काही कामच नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. अर्धा त्या सळईचा कापला, अर्धा आवाजाचा. ज्यांना सरळ ओळींचंच काम आहे आणि मशीन लो शँक आहे त्यांनी बिनधास्त घ्या, फक्त आला की आधी चिंधीवर चालवून बघा आणि परत करायची मुदत संपायच्या आत चालवा.